सणाचा हिरवा घास

गुरांना नुसता पेंढा नको, हिरवा चारा घाला, हे ओरत्तनाडूजवळच्या त्या गावाला वैरणखात्याच्या हनुमंतरावांनीच शिकवलं होतं. त्या साली पाऊस दगा देऊन गेला. करपलेल्या कडवळाला, चाऱ्याच्या ज्वारीला, कोवळे फुटवे आले, आणि माट्टु पोंगलला, गुरांच्या सणाला, शिंगं रंगवून, हार घालून गाव गुरांना तिथेच चारायला निघालं.

ते पाहून हनुमंतरावांनी ब्रेक दाबला. एसटीडी बूथपाशी लुना आडवी टाकून ते धावले. "करपल्या कडवळाचे फुटवे विष असतात," असं ओरडत त्यांनी सगळ्यांत पुढच्या, वेलुसामीच्या गाईच्या तोंडावर काठी हाणली. ती बिथरून दाव्यासकट रस्त्याकडे पळाली.

सणाच्या दिवशी गाईवर काठी. हातातली दावी टाकून गाव त्यांच्यावर तुटून पडलं. "हिरवं घाला म्हणून तुम्हीच सांगितलंत ना, सार?" म्हणत वेलुसामीने त्याच काठीने त्यांचे दात पाडले. बरगड्या मोडल्या तरी लाथा थांबेनात.

हातपाय दमले, तेव्हा कुठे गावाने मागे वळून पाहिलं.



कडवळात हार घातलेली गुरं पाय झाडत पडली होती. उभी होती ती एकच, एसटीडी बूथपाशी, हनुमंतरावांनी काठी मारलेली.