चौथा स्क्रू

परीक्षक बाईंनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं आणि टेबलावरच्या रॉकेटच्या इतक्या जवळ गेल्या, की त्यांचा श्वास रंगावर उमटला.

"काका, बाजूचं हे चौकोनी झाकण वाकडं बसलंय."

"हो," फिटर म्हणाला.

मॉडेल रॉकेटच्या या स्पर्धेत सगळे त्याला फिटरच म्हणत. उभी नोकरी खऱ्या रॉकेटचे सांधे जुळवण्यात गेलेली. निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं तो एकाच रॉकेटची हातभर उंचीची प्रतिकृती करून आणायचा. मोजमापाच्या फेरीत त्याच्या जवळपासही कुणी फिरकत नसे. आणि दरवर्षी उडवायच्या फेरीआधी हा गडी मॉडेल डब्यात घालून सरळ घरी! न उडवता नंबर मिळत नाही, हे काय त्याला माहीत नव्हतं? लोकांनी समजूत घातली, चिडवलं, शेवटी नाद सोडला.

"नऊ वर्षं केसभर फरक नाही, आणि आज हे?" बाईंना खरंच वाईट वाटत होतं. "गुण कापावे लागतील मला."

फिटरनं खिशातून जुना फोटो काढून पुढे केला. मॉडेल कशावरून केलं त्याचा पुरावा द्यायचा, असा नियमच होता. बाईंनी भिंग फोटोवर धरलं. फोटोतल्या रॉकेटच्या झाकणाचाही खालचा कोपरा तस्साच उचललेला होता.

"उडायच्या दिवशी सकाळी काढलाय," फिटर म्हणाला. "झाकण मी बसवलं होतं. चौथ्या स्क्रूचे आटे धरेनात. म्हटलं, चालतंय."

बाईंचं पेन थांबलं. त्या रॉकेटचं काय झालं ते या मैदानावर सगळ्यांनाच ठाऊक होतं. अकराव्या सेकंदाला ते वळलं आणि खाली आलं. उलटी मोजणी झाली तेव्हा तिथल्या मैदानात दोघं जण केबल गुंडाळत होते, आणि ते कुणाच्या ध्यानातच नव्हते; रॉकेट त्यांच्यावरच कोसळलं.

"पण काका, चौकशीत झडपेचा दोष निघाला होता ना?"

"तसं लिहिलंय."

मागच्या खुर्चीवर त्याची बायको विणत बसली होती. सुया न थांबवता म्हणाली, "तीस वर्षं मीही तेच सांगतेय. ह्यांच्या कानात शिरेल तर शपथ!"

"आज कळेल," फिटर म्हणाला. "नऊ वेळा झाकण सरळ बसवलं. सरळ झाकणाचं उडवून काय कळणार होतं?"

"अहो, खेळण्यावरून कसलं कळतंय!" असं म्हणाली खरी, पण विणकाम पिशवीत कोंबून उठली.

मैदानाच्या कडेला उडवायचं बटण होतं. फिटरनं अंगठा त्यावर ठेवला, पण दाबेना. मागची माणसं कुजबुजायला लागली, तसा बायकोनं आपला अंगठा त्याच्या अंगठ्यावर ठेवला आणि दाबला.

रॉकेट सूं करून वर गेलं. कसं गेलं म्हणता, नाकासमोर! शिट्ट्या पडल्या. फिटर मात्र ओठातल्या ओठात मोजत होता. घरीसुद्धा मोजायचा, दूध तापताना, जिना चढताना, आणि अकरावर थांबायचा. त्या अकराला त्याची बायको अख्खा संसार भीत आली होती. वर टोक सुटलं, नारिंगी पॅराशूट उघडलं, तरी ह्याची मोजणी चालूच. "दहा. अकरा." आणि त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले.

"बारा," बायको म्हणाली. "तेरा. उघडा डोळे."

त्यानं उघडले. रॉकेट हलकेच डुलत खाली येत होतं. "खरंच गं," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा हसला. तिला रडू आवरेना.

शेजारच्या टेबलावरचा एक स्पर्धक धावत जाऊन रॉकेट उचलून घेऊन आला. "मानलं काका तुम्हाला! सगळं शाबूत आहे. ते झाकण तेवढं पडलंय कुठंतरी."

"बघा!" बायको घाईघाईनं म्हणाली. "झाकण पडलं तरी गेलं की नाही सरळ? झाकणानं काही होत नसतं, आता तरी पटलं?"

फिटर त्या रिकाम्या चौकोनावरून बोट फिरवत होता.

"निघालं ना पण," तो म्हणाला.

रॉकेट तिच्या हातात देऊन तो मैदानात शिरला आणि गुडघे टेकून गवत चाचपायला लागला. तिनं दोन हाका मारल्या. मग "काय करावं ह्या माणसाचं" असं पुटपुटत रॉकेट त्या शेजाऱ्याच्या हवाली केलं आणि त्याच्यापाशी गेली.

"केवढं आहे हो?"

"नखाएवढं."

तीही बसली. गुडघे कटकन वाजले. दोघंही डोकी खाली घालून गवत विंचरत राहिली. तिकडे पुढच्या रॉकेटची मोजणी सुरू झाली होती. पाच. चार.

"थांबवा!" लाउडस्पीकरवर परीक्षक बाईंचा आवाज चिरकला. "मोजणी थांबवा! मैदानात दोघं जण आहेत!"

मोजणी बंद पडली. फिटरचे हात गवतात होते तिथंच थबकले. त्यानं हळूच मान वर केली.

"ऐकलंस?" तो बायकोला म्हणाला. "थांबवली त्यांनी."