करंगळी

"नाही जमणार म्हटलं ना!" प्लासिडने पटाशी इतक्या जोरात खाली ठेवली की बाकावरचा अर्धवट कोरलेला संत अंतोन हलला.

ग्रेसी ओटीच्या पायरीवरून उठली नाही. बहात्तर वर्षांची बाई भर मार्चच्या उन्हात छत्री घेऊन वटार गावाच्या त्या टोकावरून चालत आलेली, ती अशी उठते थोडीच! "एक करंगळी, प्लासिड. एवढीशी. तुझं अर्ध्या दिवसाचं काम."

होतंच अर्ध्या दिवसाचं. गावात घरटी प्लासिडने कोरलेला एखादा तरी संत होता, आणि लोक चेहऱ्याआधी हात बघायचे. नखं, पेरं, अंगठ्याच्या मुळाशी पडणारी वळी, सगळं जिवंत. कोणाकडे शिकला? कोणाकडेच नाही. वाडीत केळी लावता लावता हा माणूस कारागीर कसा झाला, हे कोणालाच कळलं नव्हतं. देवाने शिकवलं, असं म्हणून गाव मोकळं व्हायचं. परवा संत जोसेफच्या सणाला चॅपेलात मिस्सेची प्रार्थना झाल्यावर त्याला शाल घालायची ठरली होती. आणि चॅपेलातल्या जुन्या लाकडी संत जोसेफच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती. रंग द्यायला मूर्ती खाली काढली तेव्हापासून कमिटी सांगून थकली, फादर सांगून थकले. हा आपला नाही म्हणजे नाही!

"सुतार होता रे संत जोसेफ," ग्रेसी म्हणाली. "सुताराच्याच हाताला बोट नाही. आणि नाव कोणाचं? माझ्या बाबाचं. म्हणे बस्त्यावने दारू पिऊन मूर्ती पुसताना मोडलं. अरे, माझा बाबा नाताळला घोटभर वाइन घ्यायचा, तीही तोंड वाकडं करून!"

ग्रेसी सतरा वर्षांची होती तेव्हा बस्त्याव चॅपेलची घंटा वाजवायचा, मेणबत्त्या लावायचा. मोडलेलं बोट लोकांना दिसलं आणि त्याच रविवारी त्याच्याकडून चावी काढून घेतली. संताचा हात मोडणाऱ्याची मुलगी नको, म्हणून ग्रेसीचं ठरलेलं लग्न मोडलं. दुसरं कधी जुळलं नाही. चार वर्षांत बस्त्याव गेला. तोवर दर रविवारी तो मागच्या बाकावर बसायचा आणि घंटा दुसरा कोणी वाजवायचा.

"मी आता किती सण बघणार?" ग्रेसी म्हणाली. "मूर्ती परत वर चढायच्या आत बोट बसव. निदान ती जागा बघून कोणाला बाबाची आठवण तरी यायची नाही."

प्लासिड उठला, पुन्हा बसला. धार असलेली पटाशी उगीचच दगडावर घासायला लागला.

बोट त्यानेच मोडलं होतं. नऊ वर्षांचा होता. मूर्तीमागे कबुतराने घरटं केलं होतं. अंडी बघायला वेदीवर चढला, पाय घसरला, आणि हाताला लागला तो संताचा हात. करंगळी त्याच्या मुठीत आली. घाबरून त्याने ती घरामागच्या बावखलात, त्या हिरव्या पाण्याच्या तळ्यात, फेकली. बस्त्यावकडून चावी घेतली तेव्हा तो आईच्या पदराआड उभा होता. पुढे कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, तो दरवर्षी गेला आणि दरवर्षी हेच सांगितलं. फादर बदलत गेले, पाप तेच. प्रत्येकाने माफी दिली आणि प्रत्येकाने बजावलं, आता त्या घरी जाऊन सांग. हा माफी घेऊन निघायचा आणि ग्रेसीचं घर टाळायला लांबचा वळसा घालायचा. भित्रा मेला! आता बोट बसवलं की सगळं गुपचूप मिटणार, बस्त्याव दारुडाच राहणार आणि वर याच्या खांद्यावर शाल.

"तुझ्याने होत नसेल तर तसं सांग," ग्रेसी छत्री उचलत म्हणाली. "वसईहून फायबरच्या मूर्तीवाला बोलावते."

प्लासिड ताडकन उठून आत गेला. कपाट करकरलं. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन तो बाहेर आला, तिच्या मांडीवर ठेवला आणि झाकण काढलं.

डब्यात करंगळ्या होत्या. लाकडाच्या, शंभर तरी असतील. ग्रेसीने एक उचलली, दुसरी उचलली. वरच्या अशा की आत्ता हलतील. खालच्या ओबडधोबड. तळाला एक शेवग्याची काटकी होती, ब्लेडने खरवडलेली.

"ती पहिली," प्लासिड म्हणाला. "मोडलं मी, ग्रेसीबाय. तुझ्या बाबाने नाही. खरं बोट बावखलात गेलं. म्हटलं, तसंच करून गुपचूप चिकटवू, म्हणजे त्याला चावी परत मिळेल. जमेना. मग एकामागून एक करत बसलो."

"आणि जमली कधी?"

"सोळाव्या वर्षी. तेव्हा तो जाऊन तीन वर्षं झाली होती." त्याने तोंड पुसलं. "मग थांबताच येईना. बोटाला हात जोडला, हाताला माणूस."

ग्रेसीने तळाची काटकी हातात घेतली, ब्लेडच्या खुणांवरून अंगठा फिरवला. मग तिला रडू आलं आणि रागही आला. छत्रीची मूठ तिने त्याच्या गुडघ्यावर एकदा, दोनदा हाणली. "पंचावन्न वर्षं! पंचावन्न वर्षं, बेशरमा!"

तो हलला नाही.

तिने डोळे पुसले. डब्यातली सगळ्यात सुबक करंगळी निवडून त्याच्या हातावर ठेवली.

"ही बसव. आणि परवा शाल घालताना माइकवरून म्हणतील ना, की कोणाकडेही न शिकता याने एवढं केलं? तेव्हा माइक हातात घे आणि सगळं सांग. मोडलं कोणी तेही सांग, शिकलास कसा तेही सांग."

"कसा म्हणून सांगू, ग्रेसीबाय?"

"सांग, मला बस्त्यावने शिकवलं."