वॉर्निंग न देता आऊट

हे लिहिणारच नव्हतो, कारण अंपायर मी होतो आणि नवरा माझा जिगरी दोस्त. देवनहळ्ळीला लग्नाआधीची मॅच होती, नवरीकडचे विरुद्ध नवऱ्याकडचे. जे हरतील त्यांनी लग्नात पंगत वाढायची आणि सगळ्यांत शेवटी जेवायचं. शेवटचा बॉल, आम्हाला दोन रन हवे. बॉलिंगला नवरी, अक्षरा. तिच्या बाजूच्या स्टंपजवळ पळायला टपलेला नवरा, गिरीराज. घाईत तो बॉल तिच्या हातून सुटायच्या आधीच क्रीज सोडून निघाला. अक्षराने बॉल टाकलाच नाही, वळून शांतपणे स्टंप उडवले.

"हाऊजॅट!"

आमच्याकडचे सगळे मैदानात घुसले. गिऱ्याची अक्का ओरडली, "नियमात बसत असेल गं, पण हे शोभतं का? होणाऱ्या नवऱ्याला स्वल्प वॉर्निंग तरी द्यायची!"

"हीच वॉर्निंग समजा, अक्का." मग अक्षरा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताईच्या लग्नात माझे अप्पा सगळ्यांना वाढत राहिले. दुपार टळल्यावर गार भात जेवले. मुलीकडच्यांची रीत म्हणे. ती शोभली होती सगळ्यांना."

मी गिऱ्याकडे बघितलं. त्यानेही ऐकलं होतं. बॅट काखेत मारून तो हसत निघालाच होता.

"बोट वर कर रे. आणि माझ्यासोबत वाढायला येशील ना?"

"सरी, येतो की. तुझे सासरे दोन्ही हात पानावर आडवे धरेपर्यंत त्यांना तुपातली पुरणाची होळिगे वाढीन."