जाळीच्या दारातला चहा

ईश्वरदासांनी पहिला घोट घेतला आणि तो गिळायचे काही नाव काढीनात. गाल फुगवून ते ओसरीच्या वाशांकडे बघत राहिले. समोर शालीकराम मान पुढे काढून उभा होता. त्याला वाटले, चव फारच पसंत पडलेली दिसते.

काचेच्या पेल्यात लाल चहा होता, दुधाशिवाय. त्यात संत्र्याच्या फोडी, लिंबाची चकती, डाळिंबाचे दाणे, पुदिन्याची पाने आणि बर्फ. हा बर्फ नागपूरहून रेल्वेने गोंदियाला आला होता आणि तिथून धानाच्या कोंड्यात गुंडाळून बैलबंडीने शालीकरामच्या गावी, कुडव्याला. निघताना भोपळ्याएवढा होता. पण वाटेत जो भेटेल त्याला शालीकराम पोते उघडून दाखवत आला, म्हणून घरी पोचेतो पेरूएवढा उरला. त्याच्या बायकोने, सुशिलाबाईने, त्यावर गंगाजल शिंपडून तो शुद्ध करून घेतला.

एवढा खटाटोप लेकीसाठी, शामकलेसाठी होता. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत तिने ईश्वरदासांच्या मुलाला पाहिले होते आणि आईच्या कानात ‘हो’ म्हटले होते. आज ईश्वरदास सडक अर्जुनीहून बोलणी करायला आले होते. शालीकराम मनातल्या मनात त्यांना कधीचाच ‘इवाई’ म्हणत होता. ईश्वरदास मात्र अजून त्याला ‘पटेल’च म्हणत होते. व्याही व्हायला अजून त्यांच्या होकाराची गाठ बसायची होती.

आणि ही गाठ अवघड होती. ईश्वरदास सोवळ्याचे कडक. प्रवासात घरचा लोटा, घरच्या पुऱ्या. त्यांच्या भाच्याच्या सोयरिकीत मुलीचा बाप स्टेशनावर चहा प्याला असे कळले, तेव्हा भरल्या ताटावरून उठून आले होते म्हणे. सुशिलाबाईने नवऱ्याला सकाळीच बजावले होते, “चहा द्या, फोडी द्या, पण स्टेशनाचं नाव काढू नका जी.”

पण जिभेला हाड नसते, आणि शालीकरामच्या जिभेला तर लगामही नव्हता.

“अस्सल स्टेशनावरच्यावानी केला आहे जी,” तो बोलून गेला. “साहेबलोकांच्या रिफ्रेशमेंट रूममंदी असाच राहते.”

सुशिलाबाईने दाराआड कपाळावर हात मारला.

गेले वर्षभर तो गावाला हेच ऐकवत होता. आपण त्या खोलीत खुर्चीवर कसे बसलो, वर पंखा कसा फिरत होता, खानसाम्याने वाकून पेला कसा पुढे केला. शेजारच्या रामलालला तर ही कथा झोपेतही म्हणता आली असती. सांगता सांगता शालीकरामला स्वतःलाच ती खरी वाटू लागली होती. वस्तुस्थिती एवढीच होती की तो बाहेर उभा राहून, जाळीच्या दाराला नाक लावून आत बघत होता. किटलीतला चहा बर्फावर ओतलेला दिसला, फळे दिसली. भोके पाडलेल्या झाकणाच्या बाटलीतून साहेबाने वरून काहीतरी पांढरे भुरभुरवले, तेही दिसले. पांढरे म्हणजे मीठ, हे त्याच्या तल्लख बुद्धीने तिथल्या तिथे ताडले. आठवडाभर घरातली माणसे तो खारट चहा ‘स्टेशनाचा’ म्हणून नाक मुठीत धरून पीत होती. आज पाहुण्यांसाठी त्याने मीठ सढळ हाताने घातले होते.

ईश्वरदासांनी घोट एकदाचा गिळला.

“पटेल, यात मीठ काऊन टाकलं?”

“तिथं टाकतेत ना जी. मी सोता पाह्यलं.”

“पाह्यलं का पेलं?” ईश्वरदासांनी पेला खाली ठेवला. “तुमी त्या खोलीत बसून पेलेत का?”

पाहुणा बघायला आलेला रामलाल कान टवकारून बसला. शालीकरामला घाम फुटला. ‘पेलो’ म्हणावे तर सोयरीक मोडते. ‘नाही’ म्हणावे तर उद्यापासून गावात तोंड दाखवायची सोय नाही. स्वतःच विणलेल्या जाळ्यात स्वतःच अडकणारा असा कोळी गोंदियाच्या जंगलातही सापडला नसता. मग आतल्या खोलीतला बांगड्यांचा आवाज थांबलेला त्याला ऐकू आला. लेक कान देऊन उभी होती.

“नाही पेलो जी,” तो म्हणाला. “मले आत कोन जाऊ देते? दाराच्या जाळीले नाक लावून उभा होतो. खानसाम्यानं हाकललं. वर्षभर लबाड बोलून राहिलो.”

रामलाल आधी थक्क झाला, मग असा हसला की त्याची टोपी खाली पडली. आत सुशिलाबाईला आठवडाभराचे मीठ आठवले, पण तीही पदर तोंडात कोंबून हसू लागली. पोरगी हसली, दारात जमलेली माणसे हसली. शालीकराम खाली मान घालून उभा राहिला. लाज वाटत होती, भरपूर वाटत होती. लेकीचे एवढे जमले तर गावाने जन्मभर हसावे, असे त्याला अगदी मनापासून वाटले.

ईश्वरदास तेवढे हसले नाहीत. त्यांनी पेला पुन्हा उचलला, हलवून पाहिला, कोणी आपल्याकडे बघत नाही याची खात्री करून घेतली आणि शालीकरामच्या कानाशी वाकले.

“मीठ नाही, इवाई,” ते हळूच म्हणाले. “ते साखर राहते.”