आसुंताचा पलंगपोस

ओर्नेलाने खिडकीच्या झडपा भिंतीला टेकेपर्यंत उघडल्या आणि आईचा पलंगपोस बाहेर सोडला. गडद लाल रेशीम दगडावरून सळसळत खाली गेलं.

"आलीस एकदाची!" समोरच्या खिडकीतून एर्सिलियामावशी ओरडली. हात लांब केला तर तिच्या कुंडीतला पुदिना खुडता येईल, एवढीच गल्ली. "मला वाटलं, हॉटेलात उतरलीस तर हॉटेलवाल्यांसारखीच झालीस."

"मिरवणूक कुठवर आलीय, मावशी?"

"वेशीपाशी. पाद्रीबाबांचे गुडघे दुखतात, चढ संपता संपत नाही त्यांचा."

ख्रिस्तशरीराचा सण होता, पाद्रीबाबा पवित्र भाकर गावभर मिरवतात तो. खाली गल्लीभर पिवळ्या पाकळ्या आणि रानबडीशेप अंथरलेली, तिच्यावर अजून कोणाचा पाय पडला नव्हता. प्रत्येक खिडकीतून घरातला सगळ्यात चांगला पलंगपोस लोंबत होता. ओर्नेलाच्या माहेरच्या या घराची खिडकी मात्र, घराचं हॉटेल झाल्यापासून, दर सणाला उघडीबोडकी राहत असे. घर विकल्यावर आई ओर्नेलाकडे, खाली सपाटीवरच्या शहरात राहायला गेली होती. यंदा फेब्रुवारीत ती वारली.

पलंगपोस घसरू लागला. आई आतल्या टोकावर लोखंडी इस्त्री ठेवायची. या खोलीत आता जड असं काहीच नव्हतं. पांढऱ्या भिंती, बुटका पलंग, काचेच्या बाटलीत एक वाळकी फांदी. दिवासुद्धा कागदाचा. ओर्नेलाने आतलं टोक जमिनीपर्यंत ओढलं आणि त्याच्यावर बसली, खिडकीखालच्या भिंतीला पाठ लावून. तिथून मिरवणूक दिसणार नव्हती. छताच्या लाकडी तुळया तेवढ्या दिसत होत्या. तुळया त्याच होत्या.

दारावर टकटक झाली आणि व्यवस्थापक आत आला. एदोआर्दो. मिलानहून आलेला, तागाचा शर्ट, आवाज अगदी मऊ.

"सिन्योरा, माफ करा. आमच्याकडे खिडकीबाहेर काही घालू देत नाहीत."

"आज सगळं गाव घालतं."

"गाव घालतं, हो. पण लोक आमच्याकडे ही भिंत बघायला येतात. मोकळा दगड. टॉवेल नाही, कपडे नाहीत."

"हा टॉवेल आहे?"

"नाही, नाही, सुंदरच आहे. आपण असं करू, आतल्या अंगणात टांगू. संध्याकाळी वाइन देतो तिथे, सगळे फोटो काढतील."

"मिरवणूक अंगणातून जाते का?"

एदोआर्दोने श्वास सोडला. "मालकांचा खालून दोनदा फोन आलाय. मला तो काढावाच लागेल."

"काढा. मी बसलेय त्याच्यावर."

बाहेर, अजून लांब, बँडचे कर्णे ऐकू आले.

"या खोलीच्या दारावर पितळी पाटी आहे," ओर्नेला म्हणाली. "काय लिहिलंय तिच्यावर?"

"आसुंता. सगळ्या खोल्यांना आम्ही इथल्या जुन्या बायकांची नावं दिलीत. पाहुण्यांना फार आवडतं. आपुलकी वाटते."

"आसुंता माझी आई. हा पलंगपोस तिच्या लग्नातला. याच खिडकीत असायचा. तिचं नाव दारावर चालतं आणि पलंगपोस खिडकीत चालत नाही?"

"मला माहीत नव्हतं, सिन्योरा."

"आता झालं ना माहीत?"

"मला खरंच वाईट वाटतं," तो म्हणाला, आणि वाटतही होतं त्याला. "पण नोकरी आहे माझी." तो तिच्या बाजूने पुढे झाला, खिडकीतून वाकला आणि बाहेरचं रेशीम दोन्ही हातांनी वर घेऊ लागला.

ओर्नेलाला खालून झटका बसला. तिने टाचा जमिनीत रोवल्या.

बँड एकदम जवळ आला. मिरवणूक गल्लीत वळली होती.

"ए, छान शर्टवाल्या!" एर्सिलियामावशीचा आवाज कर्ण्यांच्या वर गेला. "ओढतोस की काय रे तो?"

एदोआर्दो वाकल्या जागी थिजला. "नाही, म्हणजे..."

"मग नुसता काय लोंबतोयस? डावा काठ आत घे! खिडकीच्या कट्ट्यापाशी जळका डाग दिसतोय. आसुंताने जन्मात तो गल्लीला दाखवला नाही, आणि तू आज सगळ्या गावाला दाखवतोस?"

खालून कोणीतरी हसलं. आणखी कोणीतरी मान वर केली असावी, कारण एदोआर्दोचे कान लाल झाले.

तो खिडकीतूनच मागे वळून कुजबुजला, "कसला डाग?"

"इस्त्रीचा. आई तो काठ आत दुमडायची."

"मग दुमडा ना तुम्ही."

"मी उठले की तुम्ही ओढाल."

"नाही ओढणार."

"आत्ता काय करत होतात?"

बँड थांबला. चिरडलेल्या बडीशेपेचा वास खिडकीपर्यंत चढला. मग गल्लीभर गुडघे दगडावर टेकल्याचे आवाज आले, इकडून तिकडे, आणि सगळं शांत झालं. पाद्रीबाबांच्या डोक्यावरचं जरीचं छत्र खिडकीच्या अगदी खाली आलं असणार. ओर्नेलाने वळून पाहिलं नाही. तुळयांकडे पाहत राहिली.

"अरे, घे की आत!" मावशी आता दबक्या आवाजात, दातांतून म्हणाली.

एदोआर्दोने हातातलं रेशीम हळूच परत खाली सोडलं. काठ चाचपला, डाग सापडला. खिडकी बुटकी होती. काठ आत दुमडून दाबून धरायला त्याला ओर्नेलाच्या शेजारी गुडघ्यांवर यावं लागलं.

डोंगरावरचा वारा सुटला. बाहेर पलंगपोस शिडासारखा फुगला.

"आता?" त्याने हळू विचारलं.

ओर्नेलाने आपलं टोक आणखी थोडं अंगाखाली ओढून घेतलं.

"आता धरून ठेवा."