भाचीचा खांदा

गाणं सुरू झालं की नाही, हे तिला भाचीच्या डाव्या खांद्यावरून कळायचं. खांदा इवलासा उचलला गेला की समजायचं, वाजलं. आताही दोघी तलावाच्या काठावर पुतळ्यासारख्या उभ्या होत्या. नाकाला चिमटा, केसांवर जिलेटिनचा लेप, तोंडभर हसू. हसू वरवरचं. सगळे गाण्याची वाट बघत होते. ती खांद्याची.

खांदा हलला. दोघी पाण्यात.

तिला नावानं कोणी हाक मारायचंच नाही, सगळा तलाव चॅम्पियन म्हणायचा. जोडीनं पाण्यात नाचायच्या ह्या खेळात चौदा वर्षं तिनं कोणाला पुढं जाऊ दिलं नव्हतं. जोडीदारणी तीन झाल्या. चौथी ही, बहिणीची पोर, एकोणीस वर्षांची. पहिल्याच स्पर्धेत पोरीनं काठावर खांदा उडवला, तेव्हा उचकी लागली का गं, म्हणून चॅम्पियननं तिला चांगली झापली होती. पोरीनं ती खोड सोडली. पुढं चॅम्पियनचा उजवा कान गेला, पाठोपाठ डावाही निघाला. आणि नशीब बघा, नेमकी त्याच सुमाराला पोरीची खोड परत आली. या वेळी मावशी काही बोलली नाही. मनातल्या मनात तिनं त्या खांद्याला हात जोडले.

कानाच्या डॉक्टरनं कागदावर लिहूनच दिलं होतं. उजवा संपला, डावा संपत आलाय, पाण्यात उतरणं बंद करा. तो कागद तिनं घडी घालून चिमट्यांच्या डबीत तळाला दाबून ठेवला. कोचबाईला कळलं, तर त्याच दिवशी पोरीला दुसरी जोडीदारीण मिळणार. मग हिनं काय करायचं? पाण्याबाहेर हिला धड चहासुद्धा जमत नव्हता.

सरावाला निभावून जायचं. बाई स्टीलच्या चमच्यानं तलावाची लोखंडी शिडी बडवून ताल द्यायची, तो ताल पाण्यातून थेट बरगड्यांत यायचा. हल्ली तर बाई अशी बडवायची की दोन चमचे वाकले. बोलतानाही तोंड एवढं उघडायची की ओठ वाचायला कष्टच पडू नयेत. कवळी नवी असणार, असं चॅम्पियननं धरून चाललं होतं. पण स्पर्धेत चमचा चालत नाही. स्पर्धेत पाण्याखाली स्पीकर असतो, आणि तो हिच्या लेखी नुसता दगड. म्हणून ती मोजायची. एक ते आठ. परत एक ते आठ.

सहाव्या आठाला ती डोकं खाली, पाय वर अशी उभी होती. श्वास कोंडलेला. वर आली, हवा घेतली, आणि तिला पहिल्या रांगेतली माणसं दिसली. कोणी टाळ्या वाजवत नव्हतं. एक बाई अर्धवट उठली होती. काठाकाठानं एक माणूस वायर हातात घेऊन पळत होता.

चुकलं. कुठंतरी आकडा सांडला.

तिनं भाचीकडे बघितलं. भाची अगदी हिच्याबरोबर, हाताला हात, मानेला मान, हसत. मग लोक असे का बघतायत? परत खाली जायची वेळ झाली. खाली निळं निळं पाणी, आणि कपाळात नाडी असे ठोके देत होती की ते आकड्यांच्या मधे घुसत होते. पाच की सहा? सहा. सहाच. तिनं दात आवळून सहा धरला आणि पुढं गेली.

शेवटचा आठ. दोघींचे हात एकदम वर. समोर सगळी माणसं गोठल्यासारखी.

भाची जवळ आली, तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, "गाणं मघाशीच बंद पडलं, मावशी. अर्ध्यातच."

गाणं बंद पडलं की थांबायचं, हात वर करायचा, परत संधी मिळते. हा नियम पहिल्या वर्षाच्या पोरींनाही पाठ. न थांबणारी एकच असू शकते, जिला ऐकूच येत नाही ती. मुख्य पंच काठाशी येऊन वाकला. का थांबला नाहीत, हेच विचारत असणार. भाची हसत हसत काहीबाही सांगत होती, रंगात होतो, ध्यानातच आलं नाही, असलं काहीतरी. पंचानं मान हलवली आणि दहा बोटं दाखवली. दहा मिनिटांनी परत.

पंच फसला. कोचबाई फसणारी नव्हती. अर्ध्या आकड्याची चूक ती पाठमोरी असतानाही पकडायची. आणि ती येत होती, ओल्या फरशीवर पाय आपटत, चमचा कमरेला खोचून. चॅम्पियननं शिडी धरली, पण वर चढली नाही. डबीतला कागद आता आपणच काढून द्यावा, असं तिच्या मनात आलं.

बाई काठावर उकिडवी बसली. हिच्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. भाचीची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि हल्लीच्या सवयीनं तोंड मोठं उघडून बोलली. चॅम्पियनला शब्द न् शब्द दिसला.

"या वेळी खांदा जरा कमी उचल गं. तिला दिसला की बास, पंचांना कशाला दाखवतेस?"