दिवेलागणीचा पट

"पुन्हा खोकं?" नवऱ्याने विचारलं. "आता आपण झोपायचं कुठे?"

"हा खेळ अजून तयारच झालेला नाही," ती म्हणाली आणि स्क्रीनकडे बघत राहिली.

रविवारची सकाळ ती अशीच घालवायची. कुणीतरी घरी बसून एकट्याने रचलेले पटावरचे खेळ इंटरनेटवर शोधायचे आणि आवडेल त्याला पाठिंबा द्यायचा. पुरेसे लोक जमले तर खेळ छापला जायचा, नाहीतर तिथेच विरून जायचा. या खेळाचं नाव होतं 'दिवेलागण'. अंधार पडायच्या आत खोल्याखोल्यांत दिवे लावायचे, एवढंच. तीनशे लोक हवे होते. जमले होते एकेचाळीस.

तिची नजर पटावरून हलेना. पट म्हणजे एका घराचा आराखडा होता. लांबट बोळ, दोन दारांचं न्हाणीघर, तिरप्या छताची मागची खोली. याच घरात ती वाढली होती. ते पाडलं त्यालाही आता वीस वर्षं झाली होती.

ती पाच वर्षांची असताना आई गेली. वडिलांनी एका सकाळी तेवढंच सांगितलं, आणि घरात तो विषय पुन्हा निघाला नाही. दादा अठराव्या वर्षी वडिलांशी कडाक्याचं भांडून बाहेर पडला, तो फिरकलाच नाही. पुढे वडीलही वारले. ते घर डोळे मिटून काढू शकेल असा तिच्याखेरीज एकच माणूस उरला होता.

खेळ रचणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसतं 'मागची खोली' असं होतं. तिने जपून लिहिलं, "मागच्या खोलीत जाताना एक पायरी उतरावी लागते. पटावर दिसली नाही."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "मुद्दामच लपवली आहे. सोंगटी तिथे अडखळते. तुम्ही पडला होता का?"

"हो. हनुवटीला दोन टाके पडले."

"तीन."

ती आरशासमोर गेली. हनुवटी उजेडात धरून पाहिली. तीनच होते.

त्यानंतर रोज दोन ओळी यायच्या, दोन जायच्या. बोळातला दुपारचा उजेड, छतावर टपटपणारी पिकली फळं. 'तुम्ही'चं कधी 'तू' झालं, कळलंही नाही. खेळातल्या पत्त्यांवरच्या चित्रांत खिडकीचा कट्टा बघणाऱ्याच्या अगदी कमरेला लागत होता. तिला तो डोक्याच्या वर आठवायचा. दादा उंच झाला असणार, ती मनाशी हसली. कोण आहेस, हे मात्र तिने विचारलं नाही. विचारलं की जाग येईल, असं काहीतरी तिला वाटायचं.

ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. नमुन्याची पानं छापून तिने पट काउंटरवरच मांडला. चष्म्यासाठी ताटकळणारी माणसं खेळायला लागली.

"हे दुकान आहे की शाळेची मधली सुट्टी?" मालक करवादले. चौथ्या दिवशी मागची खोली उजळवायला तेच खाली वाकून बसले होते, आणि घरी जाताना त्यांनी आपलंही नाव नोंदवलं. नवऱ्याने कचेरीतली नऊ माणसं आणली. मुदत संपायला दोन दिवस असताना तीनशेवं नाव पडलं.

महिने गेले. मग निरोप आला. "शहरात खेळांचा मेळा आहे. पहिला डबा तुझ्याच हातात द्यायचाय. येशील?"

मोठ्या दालनात शेकडो टेबलं होती. गर्दीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटत होता. ती चालत राहिली आणि एकदम थबकली. एका टेबलाशी वडिलांसारखाच खांदा पाडून एक माणूस खोकी फोडत होता.

"दादा!"

त्याने वर पाहिलं. हातातलं खोकं तसंच निसटू दिलं आणि तिला घट्ट जवळ घेतलं.

"किती सुंदर खेळ रचलायस रे," ती कशीबशी म्हणाली.

"मी कसला रचतोय? मी नुसता हमाल." त्याने डोळे पुसले. मग मागे खुर्चीत सोंगट्या मोजत बसलेल्या पांढऱ्या केसांच्या बाईंकडे वळून त्याने हाक मारली, "आई, ती आली."